सुट्टीतले मल्ल, गावाचे पाहुणे

तापीकाठच्या उन्हाळी दंगलींपासून अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलपर्यंत : अजून घडत असलेल्या खेळाडूंचा खेळ गावांना इतका का भावतो?

चैत्र-वैशाखात तापीच्या खोऱ्यात दोन हंगाम जवळपास एकाच वेळी संपतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षाही उरकत आलेल्या असतात. शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आणि थोडा रिकामा वेळ असतो. तालमीत राहून शिकणाऱ्या मुलांना सुट्टीचे वेध लागलेले असतात. खानदेशात हेच दिवस आखाजीचे आणि गावोगावच्या यात्रांचे. कुठे बारागाड्या ओढल्या जातात, कुठे रात्री तमाशा रंगतो आणि दुपार कलली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कुस्त्यांची दंगल उभी राहते.

बुऱ्हाणपूर हे या पट्ट्याचे उत्तरेकडचे टोक. आज ते मध्य प्रदेशात आहे; १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळे होऊन ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. परंतु फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी हेच शहर होते आणि त्याचे नावही खुलताबादेत चिरविश्रांती घेत असलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतावरून पडले आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी रेल्वे रावेरनंतर काही वेळातच बुऱ्हाणपूरला पोहोचते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा तशाच असतात आणि फलाटावरच्या गर्दीत मराठी कानी पडतच राहते. राज्याची सीमा कुठे ओलांडली, हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. कुस्तीला तर ती सीमा फारशी ठाऊकच नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडे ज्याला ‘मैदान’ किंवा ‘फड’ म्हणतात, त्याला खानदेशात हिंदीशी नाते सांगणारा ‘दंगल’ हा शब्द रूढ झाला, तो या शेजारामुळेच.

या दंगलींना येणारा प्रेक्षक नेमके काय पाहायला येतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ऑलिंपिकमधील कुस्ती आज हातातील फोनवर दिसते. तिथला दर्जा गावच्या आखाड्यापेक्षा कितीतरी वरचा असतो. तरीही माणसे उन्हात येऊन बसतात. खेळाडू अजून पूर्ण घडलेला नाही आणि त्याच्या घडण्यात गावाचाही वाटा आहे, या दोन गोष्टींत या आकर्षणाचे मर्म आहे. हजारो मैलांवर, अगदी वेगळ्या खेळाभोवती उभी राहिलेली एक व्यवस्था याच दोन गोष्टींवर चालते. त्यामुळे दोन्हींकडे एकत्र पाहिले, तर एकीच्या प्रकाशात दुसरी अधिक स्पष्ट दिसते.

दंगल उभी राहते कशी

दंगलीचा खर्च यात्रा समिती उचलते. घरटी वर्गणी जमते, व्यापारी आणि बागायतदार एकेक कुस्ती आपल्या नावाने लावतात, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला किंवा सुरतेला गेलेले गावकरी आपला वाटा पाठवतात. प्रेक्षकाला तिकीट नसते. जमीन नांगरून, खडे वेचून, माती भुसभुशीत करून आखाडा तयार होतो. भोवती माणसांचेच कुंपण पडते.

सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते. कुठे रेवड्यांवर, कुठे नारळावर. मग इनामाची रक्कम टप्प्याटप्प्याने चढत जाते आणि सूर्य मावळतीला आला की मानाची शेवटची कुस्ती लागते. जोड ठरवण्याचे काम अनुभवी वस्तादांकडे असते. वय, उंची, अंगलट, मागील कुस्त्यांचे निकाल हे सारे पाहून दोघांना समोरासमोर उभे केले जाते आणि हात धरून आखाड्याभोवती फिरवले जाते. जोड विषम वाटली, तर प्रेक्षक लगेच हरकत घेतात. म्हणजे सामना सुरू होण्याआधीच गाव त्यात पंच म्हणून सामील झालेले असते. निवेदक मल्लाचे नाव घेताना त्याच्या गावाचे, तालमीचे आणि वस्तादाचेही नाव घेतो. हलगीचा ठेका वाढतो, शड्डू घुमतात आणि कुस्ती सुरू होते.

निकाल समजायला फलक लागत नाही. दोन्ही खांदे मातीला टेकले की मल्ल चितपट. आंतरराष्ट्रीय मॅटवरील कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुणांचा हिशेब बारकाईने ठेवला जातो; तो समजण्यासाठी नियमांचा अभ्यास हवा. मातीवरील निकाली कुस्ती सहा वर्षांच्या मुलालाही कळते आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही. जिंकलेला मल्ल प्रेक्षकांसमोरून फेरी मारतो, तेव्हा कुणी दहाची, कुणी शंभराची नोट त्याच्या हातावर ठेवते. त्या नोटेपेक्षा ती देताना झालेली नजरानजर दोघांच्याही अधिक लक्षात राहते.

या मल्लांपैकी बरेच जण विद्यार्थी असतात. वर्षभर ते एखाद्या तालमीत राहतात. पहाटे व्यायाम, दिवसा शाळा किंवा महाविद्यालय, संध्याकाळी लढत असा त्यांचा दिनक्रम. दूध, तूप, बदाम यांचा खुराक सामान्य शेतकरी कुटुंबाला परवडणारा नसतो. यात्रेच्या हंगामात गावोगाव फिरून मिळवलेले इनाम हे या खुराकाचे वर्षभराचे भांडवल असते. ज्या गावात लढायचे, तिथेच जेवायचे. रात्र झाली तर तिथल्याच कुणाच्या ओट्यावर अंग टाकायचे. हा पाहुणचार इनामाच्या रकमेत मोजला जात नाही, पण त्यावाचून हंगाम पुराही होत नाही.

केप कॉडचा उन्हाळा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, अटलांटिक महासागरात वाकड्या बाहूसारखा शिरलेला केप कॉड नावाचा भूभाग आहे. तिथे जून ते ऑगस्ट या सुट्टीच्या काळात महाविद्यालयीन तरुणांची बेसबॉल लीग भरते. ती आपला आरंभ १८८५ इतका मागे नेते; महाविद्यालयीन खेळाडूंची लीग हे तिचे आजचे स्वरूप १९६३ पासूनचे. संघ दहा आहेत आणि ते चॅटहॅम, ऑर्लिन्स, फालमथ, ब्रूस्टर अशा लहान गावांच्या नावाने खेळतात. प्रवेशाला तिकीट नाही. प्रेक्षक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, सामना चालू असताना देणगीसाठी डबा फिरतो, खाण्याच्या टपरीपासून मैदानाच्या देखभालीपर्यंतची बरीच कामे स्वयंसेवक करतात.

खेळाडू देशभरातील विद्यापीठांतून निवडून आणले जातात. त्यांना खेळण्याचे वेतन मिळत नाही, कारण व्यावसायिक ठरले तर महाविद्यालयीन स्पर्धांचे दार बंद होईल. मग दोन महिने ते राहतात कुठे? तर गावातील कुटुंबांच्या घरी. कुणाच्या तळघरातील खोली, कुणाच्या परगावी शिकायला गेलेल्या मुलाचा पलंग. यजमान कुटुंब त्याला जेवू घालते, त्याचा सामना पाहायला जाते, वाईट दिवस गेला तर धीरही देते. पुढे तो खेळाडू नावारूपाला आला, तर त्या घराच्या भिंतीवर त्याचे छायाचित्र लागते. नाही आला, तरी लग्नाची पत्रिका येते.

खेळाच्या दृष्टीने या लीगचे वैशिष्ट्य म्हणजे लाकडी बॅट. अमेरिकेतील महाविद्यालयांत धातूची बॅट चालते. ती हलकी असते, चेंडू बॅटच्या मधोमध बसला नाही तरी दूर जातो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये मात्र लाकडीच बॅट लागते आणि तिथे चुकलेल्या फटक्याला क्षमा नसते. केप कॉडनेही १९७४ ते १९८४ या काळात धातूची बॅट स्वीकारली होती. १९८५ पासून ती पुन्हा लाकडाकडे वळली. परिणामी, महाविद्यालयात धावांचा पाऊस पाडणारा फलंदाज इथे अनेकदा चाचपडताना दिसतो. व्यावसायिक संघांचे निवडक त्यासाठीच येतात : मुलाला काय येते याबरोबरच, जे येत नाही ते किती लवकर शिकतो, हे त्यांना पाहायचे असते.

२०१२ च्या उन्हाळ्यात ब्रूस्टरच्या संघाकडून ॲरन जज नावाचा एक उंचापुरा विद्यार्थी खेळत होता. पुढील वर्षी न्यूयॉर्क यँकीजने त्याला निवडले आणि २०२२ मध्ये त्याने एका मोसमात ६२ होमरन मारून अमेरिकन लीगचा विक्रम मोडला. त्या उन्हाळ्यात मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या प्रत्येकाला आज म्हणता येते, की आम्ही त्याला आधी पाहिले होते.

घडताना पाहण्याचा आनंद

‘आम्ही त्याला आधी पाहिले होते’ या वाक्याची किंमत रावेरच्या दंगलीतल्या प्रेक्षकालाही ठाऊक असते. पूर्ण झालेल्या खेळाडूकडे प्रेक्षक आदराने पाहतो; घडत असलेल्या खेळाडूकडे तो आस्थेने पाहतो. गेल्या वर्षी हा मुलगा पट काढताना घाई करत होता, यंदा थांबायला शिकला आहे. गेल्या वर्षी पाचव्या मिनिटाला दम लागत होता, यंदा नाही. अशी नोंद ठेवणारा प्रेक्षक केवळ करमणूक करून घेत नसतो. तो एका वाढीचा साक्षीदार असतो आणि पुढच्या यात्रेला यायचे कारणही त्याला तिथेच सापडते.

यात अनिश्चितताही मोठी असते. केप कॉडला खेळलेल्यांपैकी बहुतेकांना व्यावसायिक शिखर गाठता येत नाही. यात्रेत लढणाऱ्या शंभरांपैकी एखादाच महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे पोलिसांत, सैन्यात जातात, शेती सांभाळतात, शाळेत क्रीडाशिक्षक होतात. पण त्या एका उन्हाळ्यात कोण कुठवर जाईल, हे कुणालाच माहीत नसते आणि त्यामुळे प्रत्येक जोड पाहण्यासारखी ठरते.

दुसरी गोष्ट जवळिकीची. मोठ्या स्टेडियममध्ये खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात जाळ्या, सुरक्षारक्षक आणि तिकिटांचे दर उभे असतात. दंगलीत पुढच्या रांगेत बसलेल्याच्या अंगावर आखाड्याची माती उडते. चॅटहॅमच्या मैदानावर सामना संपला की लहान मुले खेळाडूंभोवती जमतात आणि तेही थांबून त्यांच्याशी बोलतात. खेळाडू आपल्यासारखाच हाडामांसाचा आहे, हे मुलाला एकदा दिसले की ‘आपणही’ हा विचार त्याच्या मनात फारसा दूर राहत नाही. गावोगावच्या तालमींना पुढची पिढी मिळत आली ती बहुधा अशीच.

तिसरी गोष्ट हंगामाच्या मर्यादेची. यात्रा वर्षातून एकदाच येते. केप कॉडचा मोसम दोन महिन्यांत आटोपतो. अलास्कातील फेअरबँक्स येथे तर १९०६ पासून वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, रात्री उशिरा, दिवे न लावता सामना सुरू होतो, कारण तिथे त्या रात्री पुरेसा अंधारच होत नाही. जे वर्षभर कधीही पाहता येते, त्याची कुणी वाट पाहत नाही. ज्याची वाट पाहिली जाते, त्याभोवतीच गावाचा उत्सव उभा राहतो.

गोळेश्वर ते हेलसिंकी

विद्यार्थी मल्ल आणि त्याचा पाठीराखा समाज यांचे नाते किती दूरवर नेऊ शकते, याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण खाशाबा जाधव यांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १९२६ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या शाळेनंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या शहरात बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्याच शहरात त्यांनी तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. शिक्षण आणि कुस्ती एकाच मुलाने एकाच वेळी करावी, यासाठी कोल्हापूरइतकी अनुकूल जागा त्या काळी क्वचितच असेल.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबांना कोल्हापूर दरबाराचे साहाय्य मिळाले. तिथे त्यांचा सहावा क्रमांक आला. मातीवर वाढलेल्या या मल्लाला मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले.

मायदेशी परतल्यावर शेकडो गावकरी आणि बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या स्वागताला आली. त्यांच्या चरित्रकथेत याहून कमी सांगितला जाणारा एक भाग आहे : प्राचार्यांचे ऋण फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून ती रक्कम परत केली. ज्या मातीने त्यांना मॅटसाठी पुरेसे तयार केले नव्हते, तीच माती कर्ज फेडायला धावून आली. मातीवरच्या कुस्तीची मर्यादा आणि तिचे सामर्थ्य, दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

इथेच दंगल आणि केप कॉड यांतील मोठा फरकही लक्षात येतो. अमेरिकेतील विद्यार्थी उन्हाळ्यात लाकडी बॅट हाती घेतो, ती पुढील पायरीची तयारी म्हणून. आपला मल्ल उन्हाळ्यात मातीत उतरतो, तेव्हा तो पुढील पायरीच्या मॅटपासून थोडा दूर जात असतो. दंगल पैसा, अनुभव आणि नाव देते. गुणांची कुस्ती शिकवत नाही. म्हणून आज अनेक तालमींत मातीचा हौदा आणि मॅट शेजारी शेजारी दिसतात.

पैसा वाढला की काय होते

या दोन्ही व्यवस्थांवर आज एकाच दिशेने ताण येत आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये व्यावसायिक बेसबॉलने आपल्या अखत्यारीतील दुय्यम संघांची संख्या १६० वरून १२० केली. ज्या गावांचे संघ गेले, त्यांपैकी काहींनी उन्हाळी महाविद्यालयीन संघ उभे करून मैदाने जिवंत ठेवली. ॲपलाशियन पर्वतराजीतील जुनी व्यावसायिक लीग त्याच वर्षी संपूर्णपणे विद्यार्थ्यांची लीग झाली. सावानाह या शहरात २०१६ मध्ये सुरू झालेला ‘बनानाज’ नावाचा विद्यार्थी संघ मात्र वेगळ्या वाटेने गेला. नाच, गाणी, विदूषकी यांमुळे तो इतका गाजला, की २०२२ नंतर त्याने विद्यार्थ्यांची लीगच सोडली आणि तो देशभर फिरणारा प्रदर्शनी खेळ बनला. प्रेक्षक वाढले, सुट्टीत खेळायला येणारा विद्यार्थी त्यातून बाहेर पडला.

दंगलींतही हीच शक्यता दारात उभी आहे. मानाच्या कुस्तीचे इनाम जसजसे वाढते, तसतसे यात्रा समितीचे लक्ष बाहेरच्या नामांकित मल्लांकडे जाते. फलकावर त्यांची छायाचित्रे झळकतात, गर्दी वाढते. पण इनामाची मोठी रक्कम शेवटच्या दोन कुस्त्यांत खर्ची पडली, की मधल्या फळीतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला फार थोडे उरते. मोठे मल्ल धोका टाळून लढले आणि कुस्ती बरोबरीत सुटली, तर प्रेक्षकही हिरमुसतात. खुराकाचा खर्च मात्र दरवर्षी वाढतच असतो. अशा वेळी लवकर बळ वाढवण्याच्या गोळ्या-इंजेक्शनांचा मोह तरुण मल्लाला पडला, तर त्याची किंमत त्याच्या शरीराला चुकवावी लागते. दुखापतीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. सुट्टीच्या दोन महिन्यांत गुडघा किंवा खांदा गेला, तर इनाम, पुढील वर्षीची स्पर्धा आणि भरतीची संधी एकदमच हातची जाते.

एक बदल मात्र आशादायक आहे. २००४ पासून महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली आणि गेल्या काही वर्षांत यात्रांच्या आखाड्यांतही मुलींच्या कुस्त्या लागू लागल्या आहेत. पूर्वी ज्या वर्तुळाच्या कडेलाही बायका क्वचित दिसत, तिथे आता आई मुलीचा जोड पाहायला येते. गाव ज्याच्या घडण्यात वाटा उचलते, त्या खेळाडूची व्याख्या यामुळे रुंदावली आहे.

लहान राज्यासाठी

गोमंतकातील वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. इथल्या जत्रांचा मुख्य काळ वेगळा आणि इथल्या मातीतला खेळ फुटबॉल. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत दोन काठ्यांचे गोल उभे राहतात, वाड्यावाड्यांचे संघ होतात आणि सुट्टीवर आलेली मुले त्यांत उतरतात. तिथेही बांधावर बसलेला म्हातारा एखाद्या पोराच्या डाव्या पायाकडे बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी सांगत असतो. तो करत असतो ते काम केप कॉडच्या निवडकाचे आणि रावेरच्या वस्तादाचेच.

अशा स्पर्धांना मोठ्या इनामापेक्षा काही साध्या गोष्टी अधिक काळ तगवतात. तारखा परीक्षांशी टक्कर घेणाऱ्या नसाव्यात. मैदानाशेजारी डॉक्टर आणि वाहन असावे. बाहेरून पाहुणे खेळाडू आणले, तरी स्थानिक मुलांचा सामना गर्दी भरलेली असताना व्हावा. खुर्च्या रिकाम्या असताना उरकला जाऊ नये. इनामाचा काही भाग शेवटच्या सामन्यातून काढून मधल्या फळीत वाटला जावा. आणि परगावचा मुलगा मुक्कामाला आला, तर त्याला एखाद्या घरात ताट मिळावे. यांतल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. यात्रा समितीच्या पहिल्या बैठकीत, वर्गणीचा आकडा ठरवण्याआधी, त्या ठरल्या तरी पुरे.